गाऱ्हाण्यात न घेतलेलं नाव

आबा, आधी ऋजुता मॅडमचं नाव घेतो. मागणं मागायच्या आधी ज्यानं केलं त्याचं नाव घ्यायचं, आपलं रडगाणं मागाहून, हे तुमचंच शिकवणं. तर ऋजुता मॅडम, पुण्याच्या. सरहद्दीवरची माणसं सरकारला कुठवर मानतात आणि कुठून पुढं मानत नाहीत, ह्याचा अभ्यास करायला आपल्या गावात येऊन राहिलेल्या. त्यांनी तुम्हाला माझ्यासाठी थांबवून ठेवलं. मी चंदगडला होतो, आईच्या घराची कौलं परतत. छपरावरच फोन वाजला. "आबा गेले. निघ तू. तू येईपर्यंत मी कुणाला हलू देत नाही," एवढंच बोलल्या. तिलारीचा घाट उतरून दोडामार्गला आलो, तर त्या आपली छोटी गाडी घेऊन स्टँडवर उभ्या होत्या, डोळे सुजलेले. तुमच्या भावकीतल्या कुणीतरी विचारलंच होतं म्हणे, "एका पोदेराखातीर मड्याक ताटकळत दवरतलात?" पोदेर म्हणजे पाववाला, म्हणजे मी. त्यावर मॅडम काय म्हणाल्या ते मला दोन दिवसांनी कळलं. ते शेवटी लिहितो. आधी लिहिलं तर पुढचं काही सुचायचं नाही.

पण खरं सांगतो, त्या गाडीत त्यांच्या शेजारी बसून येताना, एवढे उपकार डोक्यावर असताना, मला वाटत होतं, ह्यांना आधी कळलं. माझ्याआधी ह्यांना कळलं. तुम्ही गेलात तेव्हा त्या सोप्यावर होत्या आणि मी छपरावर.

वाडीतली पोरं तुमच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढतायत. मला म्हणाली, तूही लिही. माझं शिक्षण सातवी, आठवीत शाळा सोडली. मॅडम म्हणाल्या, "बोलतोस तसं लिही, शुद्धलेखन मी बघते." म्हणजे इथंही त्या आहेतच. असू देत.

मला आलो तो दिवस आठवतो. दहा-अकरा वर्षं झाली. पहाटेची भट्टी उरकून सायकलच्या मागं टोपली बांधलेली, वर निळं प्लास्टिक, हातात तो रबरी भोंगा. पों पों करत तुमच्या दारात आलो, तर तुम्ही सोप्यावर पाय पसरून बसलेले. "खंयचो रे तू?" मी म्हटलं, चंदगडचा. "म्हणजे घाटार?" व्हय म्हटलं. "तुमच्या घाटार उंडे करतत?" नाही म्हटलं, हितं येऊन शिकलो. तुम्ही एक उंडा, तो गोल फुगीर पाव, हातात घेतलात, त्याची पाठ बोटानं वाजवून बघितलीत, जसं कलिंगड बघतात. "बरो वाजता," म्हणालात. त्या दिवसापासून मी तुमचा घाट्या. दुसऱ्या कुणी घाटी म्हटलं की माझ्या कानशिलाला आग लागायची. तुम्ही म्हटलं की नाही लागायची. का, ते मी कधी सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग.

तेव्हा मी सदानकदा घाबरलेला असायचो. आधार कार्ड प्लास्टिकमध्ये घालून बनियनच्या खिशात ठेवायचो, घामानं भिजू नये म्हणून. माझं गिऱ्हाईक नाक्याच्या दोन्ही अंगाला. अलीकडं आपलं गाव, डिचोली तालुका, गोवा. नाक्यावर आडवा बांबू. बांबूपलीकडं पैलवाडीची मोजकी घरं, ती महाराष्ट्रात. रोज पहाटे मी दोन राज्यांत पाव विकायचो आणि दोन्हीकडं मला विचारायचे, "खंयचो?" बांबूपाशी आलो की छाती धडधडायची. काही केलेलं नसताना. एकदा तुम्ही ते बघितलंत. "भियेता कित्याक? हो नाको म्हणजे सरकाराची हद्द. हद्द मोजून घालतत, तशी ती मोजून हालयतांय येता. मी ल्हान आसताना हंय पाखल्यांचो पोलीस उबो रवायचो. आता हो. फाल्यां आनीक कोण." पाखले म्हणजे पोर्तुगीज. आणि मग काठीनं लांब दाखवलंत, पैलवाडीच्याही पलीकडं, ओढ्याकाठच्या किंदळीच्या झाडाकडं. "शीम थंय आसा. शीम मोजनत ना. शीम चलतत."

शीम हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. शीम म्हणजे गावची वेस, पण सरकारनं आखलेली नव्हे. गावचा राखणदार देव जिथवर फिरतो तिथवर शीम. त्याचा दगड किंदळीखाली आहे, म्हणजे नकाशाप्रमाणं महाराष्ट्रात. पैलवाडी सरकारला त्या राज्यातली, राखणदाराला आपलीच. आणि दरवर्षी शिगम्याच्या आधी सगळं गाव तिथं जमतं, राखणदाराला दोन उंडे, केळी, विडी ठेवतं, आणि गाऱ्हाणं घालतं. गाऱ्हाणं म्हणजे मोठ्यानं मागणं. ते घालायचा मान तुमचा. एकेक नाव घेऊन तुम्ही म्हणायचात, "ह्याका सांबाळ," आणि गाव ओरडायचं, "व्हय महाराजा!"

पहिल्या वर्षी तुम्ही माझं नाव घेतलंत. "चंदगडासून आयलेल्या ह्या मारुतीक, पावाच्या पोराक, भायर येता वता, तेका सांबाळ." "व्हय महाराजा!" आबा, सगळं गाव माझ्या नावाला व्हय म्हणालं. मी लगेच आईला फोन लावला. आईला काही कळलं नाही, पण ती रडली.

दुसऱ्या वर्षी घेतलंत. मग पुढल्या वर्षी मी टोपलीतले सगळ्यांत फुगलेले दोन उंडे निवडून तुमच्या हातात दिले, मागं जाऊन उभा राहिलो, आणि वाट बघितली. तुमच्या दुबईच्या लेकाचं, सुरेशचं नाव आलं. पुढच्या वाडीतून लग्न होऊन गेलेल्या पोरींची नावं आली. बोटीवर नोकरी करणाऱ्यांची आली. माझं आलं नाही. मला वाटलं विसरलात. त्याच्या पुढल्या वर्षीही नाही. त्याच्याही पुढं नाही. मी रात्री भट्टीपुढं बसून आठवत बसायचो, माझं काय चुकलं. एखादा पाव करपलेला दिला का, पैलवाडीत कुणाला उलट बोललो का. विचारायचं धाडस झालं नाही. माझा उंडा देवाला चालतो, माझं नाव चालत नाही, असं मनात धरून मी वर्षानुवर्षं तुमच्या दारात भोंगा वाजवला.

आणि मग मॅडम आल्या.

तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत. मला कधी दिली नव्हतीत. "बसा बाय, तुमी बसा." आत घरधनिणीला, माईला, हाक, "बायेक च्या हाड गो, बशयेत खाजीं घाल." त्या विचारायच्या आणि तुम्ही सांगत सुटायचात. पाखल्यांच्या काळात नाक्यावरून सुपारी कशी न्यायचे, हद्दीवरच्या एका शेतात नांगर कुठल्या राज्यात वळतो, काय काय. मी बाहेर सायकल धरून उभा. मला बघून तुम्ही नुसतं म्हणायचात, "घाट्या, उंडे थंय दवर आनी रांदचेकुडींत वच, च्या आसा, तुजो तू घे." बस्स. त्यांना बशीत खाजं आणि मला स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यातला चहा आपल्या हातानं गाळून घ्यायचा. माई चुलीपुढं म्हणायची, "साकर डब्यांत आसा, हात ना तुका?" मी चहा घेत भिंतीपलीकडचा तुमचा आवाज ऐकायचो. जळायचो, आबा. अगदी खरं लिहितोय. तुम्ही त्यांना 'तुमी' म्हणायचात आणि मला 'तू', आणि मला वाटायचं, शिकलेल्या माणसाचा मान वेगळा.

एकदा त्यांनी तुम्हाला 'सार्वभौम' शब्द समजावून सांगितला. मी दारातच होतो. तुम्ही डोकं खाजवून म्हणालात, "म्हणजे जेचो निमाणो शब्द, तो राजा. असोच मू?" त्या हसल्या, शेवटचा शब्द ज्याचा तो राजा, बरोबर म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "मग हंय निमाणो शब्द राखणदाराचो. सरकार मदल्या मदीं उलयता." मॅडम खूश होऊन लिहायला लागल्या. तेवढ्यात मला राहवलं नाही. मी म्हटलं, आबा, मग मी कुणाच्या राज्यात? आमच्या गावची देवी तिलारीच्या वर राहते. तुम्हीच म्हणता, घाटावरचा देव घाट उतरत नाही. आणि हितला राखणदार... पुढचं माझ्या तोंडातून निघालं नाही. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. वाटलं, आता सांगणार. "पाव थंड जाता, वच," म्हणालात.

तो वाद तिथंच राहिला. मी किती वेळा मनात तुमच्याशी भांडलो त्यावरून. पाव थंड होतोय म्हणे. पैलवाडीत थंड पावाला कधी कुणी नको म्हटलंय?

महामारीचं वर्ष तुम्हाला आठवत असणार. नाका बंद. त्या वर्षीचं गाऱ्हाणं राहून गेलेलं आणि तुमचा जीव वरखाली. एक दिवस सकाळी तुम्ही धोतर नेसून, मोजकी माणसं मागं घेऊन बांबूपाशी आलात. पेडण्याचा एक कोवळा शिपाई ड्यूटीवर. तोंडावर मास्क, डोळ्यांत पाणी यायचं बाकी. "आबा, पांयां पडटां, पूण फुडें म्हाराष्ट्र. म्हाका ऑर्डर आसा."

"म्हाराष्ट्र तुका. देवाक ती पैलवाडी."

"मग देवाक पास आसा?"

"पास तेणें दिवपाचो, तुवें न्हय!"

सगळे हसले, तोही हसला, पण बांबू काही उचलला नाही. पावाला मात्र परवानगी होती. मी टोपली घेऊन मागं उभा होतो. तुम्ही वळलात. दोन उंडे आणि विडीबंडल माझ्या हातात दिलंत. "घाट्या, दगडार नेऊन दवर." मी विचारलं, तिथं काय म्हणू? "तू कायच म्हणूं नको. दवर आनी उबो रव."

मी बांबूखालून वाकून गेलो. किंदळीखाली उंडे ठेवले आणि उभा राहिलो. आणि तुम्ही इकडून, बांबूच्या अलीकडून, घसा फाडून गाऱ्हाणं घातलंत. "देवा राखणदारा, तुझीं लेकरां आज बांबवाच्या हय्कडे अडकल्यात, तरी तुझ्या शिमेतच आसत!" मागची माणसं, "व्हय महाराजा!" मीही दगडापासून ओरडलो, "व्हय महाराजा!" मला कुणी सांगितलं नव्हतं. "दुबयेंत अडकलेल्या माझ्या झिलाक सांबाळ!" व्हय महाराजा. "पुण्याक अडकलेल्या आमच्या बायेक सांबाळ!" म्हणजे मॅडम. व्हय महाराजा म्हणालो, पण हळू. "आनी हो पेडण्याचो पोर, आपले आवयपसून पयस हंय उबो आसा, कोणाक आडयता आनी मनांत रडटा, तेका सांबाळ!" शिपायानं टोपी काढली. व्हय महाराजा.

आणि संपलं. आबा, ज्यानं तुम्हाला अडवलं त्याचं नाव घेतलंत. लांब पुण्यात बसलेल्या मॅडमचं घेतलंत. आणि दगडापाशी तुमचे उंडे घेऊन एकटा उभा होतो मी. माझं नाही. परत येताना मी तुमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तुम्ही म्हणालात, "बरें केलें मरे." मी भोंगा वाजवत निघून गेलो. तो भोंगा रागाचा होता. तुम्हाला कळलं असेल का?

त्याच सुमाराला एकदा तुम्ही मला झापलंत. मी नेहमीसारखं म्हटलं होतं, आबा, तुम्ही बसा, मी उचलतो. तुम्ही काठी आपटलीत. "तुमी कोणाक म्हणतंस? तुमी म्हणतत भायल्याक. तू म्हण." मी म्हटलं, आमच्यात मोठ्या माणसाला तू म्हटलं तर आई थोबाडीत देईल. "तुजी आवय घाट देंवून येवची ना," म्हणालात. माझी जीभ वळली नाही. शेवटपर्यंत मी तुम्हीच म्हणत राहिलो.

आता त्या दिवसाचं. मी पोचलो तेव्हा सुरेश आलेला होता, सुट्टीसाठी आधीच निघालेला, विमानतळावरून थेट, गळ्यात अजून बॅगेचा पट्टा. त्यानं मला पुढच्या उजव्या दांड्याकडं ढकललं. तुमचा भार माझ्या खांद्यावर आला. किती हलके झाला होतात. नाक्यावर बांबू वर होता. दोन्ही राज्यांचे पोलीस उभे होते, कुणी कुणाला खंयचो म्हणून विचारलं नाही. पैलवाडीच्या बायका दारात येऊन उभ्या. आपली मसणवट ओढ्याच्या पलीकडं, शिमेच्या बाहेर, म्हणून किंदळीपाशी तुम्हाला खाली ठेवलं. राखणदाराला सांगितल्याशिवाय माणूस शिमेबाहेर न्यायचा नाही. सुरेशला पुरतं येत नव्हतं. अडखळत तो म्हणाला, "देवा राखणदारा, आमचो... आमचो शांताराम भायर वता. तेका सांबाळ."

"व्हय महाराजा," गाव म्हणालं.

शांताराम. इतकी वर्षं त्या दगडापाशी एवढी नावं ऐकली, तुमचं कधीच ऐकलं नव्हतं. तुमचं नाही, माईचं नाही, शेजारच्या घरातल्या कुणाचं नाही. गावात राहणाऱ्या एकाचंही नाही. नाव घेतलं ते फक्त बाहेर गेलेल्यांचं आणि बाहेरून आलेल्यांचं. मी तिथं तिरडीचा दांडा धरून उकिडवा बसलेला आणि माझ्या डोक्यात ते सगळं एकदम फिरलं. पण ते खरं धरायचा धीर होईना. मनाला वाटेल ते मानायची सवय माणसाला असते.

दोन दिवसांनी मॅडमना विचारलं. सोप्यावर बसल्या होत्या, तुमची जागा सोडून बाजूला. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी भावकीतल्यांना मी तेच सांगितलं. मी आबांना मागं विचारलं होतं, पाववाल्या मारुतीचं नाव आता का नाही घेत? तर ते माझ्यावरच हसले. म्हणाले, बाय, नाव भायल्याचें घेवचें पडटा, राखणदाराक वळख करून दिवपाक. भितरल्याक तो वासान वळखता. आनी मारत्याक उंड्याचो वास येता, तो काळखांतय चुकचो ना."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. पातेल्यात चहा होता.

माझं नाव गाळलंस त्या दिवशी तू मला आत घेतलंस, आणि मी इतकी वर्षं बाहेर उभा राहून जळत होतो. मॅडमना खुर्ची, मॅडमना बशी, मॅडमना तुमी, गाऱ्हाण्यात त्यांचं नाव. मला पातेलं, मला तू, मला दगडापाशी गप्प उभं राहायला सांगितलंस. तिथं बोलायचं काय होतं मला, मी थोडाच पाहुणा होतो.

तरी एक राग आहेच. मला का नाही सांगितलंस? त्यांना सांगितलंस. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलंस हे कळतं. घरच्याला कुणी असलं समजावून सांगत नाही हेही कळतं. पण तुझ्या तोंडून ते ऐकायचं सुख त्यांना मिळालं आणि मला त्यांच्या तोंडून मिळालं. मी जळतोच आहे, आबा. आता निदान कशासाठी जळतो ते ठाऊक आहे.

आज सकाळी बांबूपाशी शिपाई नवा होता. "खंयचो?" म्हणाला. हात सवयीनं बनियनकडं गेला, कार्ड काढून दाखवलं, त्यावर पत्ता चंदगडचाच आहे. त्यानं मान हलवली. छाती धडधडली ती धडधडलीच, ते काही जायचं नाही. पण किंदळीपाशी सायकल थांबवून मी दोन उंडे ठेवले आणि काही बोललो नाही.

आता देणं राहिलं ते ऋजुता मॅडमचं. त्यांनी मला तुझ्या तिरडीखाली आणून उभं केलं आणि तुझा निरोप, तू न दिलेला, माझ्यापर्यंत पोचवला. हे मी फेडणार. त्या दर खेपेला येतात आणि सोप्यावर खुर्चीत बसतात, माई बशीत खाजं घालून आणते. एक दिवस मी पाव घेऊन येईन आणि त्यांना म्हणेन, "ऋजुता, ऊठ, भितर वच, च्या आसा, तुजो तू घे." माईला आधीच सांगून ठेवीन, बशी काढू नको. आणि त्या वर्षी शिगम्याआधी सुरेशला सांगेन, गाऱ्हाण्यात तिचं नाव घ्यायचं नाही.